दर्याची सुट्टी आणि दोन सुया

कोकण म्हटलं की बहुतेकींच्या डोळ्यांपुढे मे महिना उभा राहतो. आंबे, फणस, करवंदं आणि माणसांनी फुललेला किनारा. पण कोकणाचं खरं घरगुती रूप पाहायचं असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात जावं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या थांबतात, तारकर्ली-देवबागची पाहुणेमंडळी परततात, होड्या वर ओढून झापांनी झाकल्या जातात. दर्या गर्जत असतो, पण गाव मात्र जरा पाय पसरून बसलेलं असतं.

माझं सासर मालवणचं, आमचं बिऱ्हाड कोल्हापुरात. शाळा जूनच्या मध्याला सुरू होते, म्हणून यंदा आम्ही पावसाच्या तोंडावर निघालो. राधानगरी, दाजीपूर, मग फोंडा घाट उतरून कणकवली, कसाल आणि मालवण. पिशवीत मुलांच्या कपड्यांबरोबर लोकरीचे चार गुंडे आणि सुया होत्या. ते पाहून घरचे हसले. "मालवणात लोकर? घामानं जीव जाईल!"

हसण्यासारखं आहे खरं. पण मैत्रिणींनो, लोकर आणि कोकण यांचं नातं आपल्याला वाटतं त्याहून जुनं आहे. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. रेनकोट आणि प्लॅस्टिकचे कागद येण्यापूर्वी लावणीला वाकलेल्या माणसाच्या पाठीवर एक तर इरलं असे, नाही तर घोंगडी. ही घोंगडी येई घाटावरून. आमच्या कोल्हापूरजवळचं पट्टणकोडोली तर धनगरांच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेसाठी प्रसिद्धच आहे. धनगरांनी मेंढ्या राखायच्या, त्यांच्या लोकरीचं सूत बायकांनी कातायचं आणि सनगरांनी मागावर घोंगडी विणून तिला चिंचोक्याची खळ द्यायची, अशी ही साखळी. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. भिजल्यावरही ऊब देणारं वस्त्र कोकणाला हवंच होतं. तेव्हा लोकर घेऊन फोंडा घाट उतरणारी मी काही पहिली नव्हे!

पोचल्यावर दुसऱ्या दिवशी पावसाने उघडीप दिली, म्हणून मुलांना घेऊन दांडीच्या किनाऱ्यावर गेले. समोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये त्याचं काम सुरू केलं आणि १६६७ मध्ये ते पुरं झालं, हे धडे मी वर्गात कितीदा शिकवले असतील! पण त्या दिवशी माझी नजर किल्ल्यावर ठरेना. झावळ्यांनी शाकारलेल्या एका खोपीत चार-पाच जण जाळी पसरून बसले होते आणि विणत होते. कुणी पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरलेलं, कुणी खांबाला अडकवलेलं. हातात चपटी सुई, तिच्या पोटात भरलेला दोरा. डाव्या हातात लाकडाची एक पट्टी. त्या पट्टीवरून दोरा घ्यायचा, वरच्या घरातून काढायचा, गाठ आवळायची की एक घर तयार. या घराला ते 'आस' म्हणतात. पट्टी जेवढी रुंद त्या मापाचा आस. आपण टाके सारखे यावेत म्हणून ठरावीक नंबरची सुई घेतो ना, तसंच.

माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या सुया पाहून एक आजोबा म्हणाले, "काय गो बाय, तू पन जाळांच विणतंस?"

मी म्हटलं, "आजोबा, तुम्हाला आता दोन महिने सुट्टी ना?"

"दर्याक सुटी," ते हसत म्हणाले, "जाळ्याक नाय."

मग गप्पा निघाल्या. पूर्वी जाळी सुती नाही तर तागाची असत. ती कुजू नयेत म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवायची, उन्हात वाळवायची. नायलॉन आलं आणि तो व्याप संपला. पण फाटणं काही संपलं नाही. खडकाला अडकून, मोठ्या माशाच्या धडपडीनं, बोटीच्या पंख्यात सापडून जाळं फाटतंच. रापणीचं जाळं तर अनेक घरांच्या तुकड्यांचं जोडलेलं. ते होडीतून अर्धवर्तुळात टाकायचं आणि दोन्ही टोकांनी माणसांनी किनाऱ्यावर ओढायचं. मिळेल त्या मासळीचे वाटे पडतात. एकाचा तुकडा विरलेला राहिला तर सगळ्यांची मासळी निसटते. म्हणून पावसाळ्यात प्रत्येकाने आपलं जाळं नीट करून ठेवायचं, हा रिवाज.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. आस लहान ठेवला तर बारकी पिल्लंसुद्धा अडकतात. त्या वर्षी टोपली भरते, पुढच्या वर्षी काय खाणार? जाळ्याच्या आसाला किमान माप कायद्यानेही ठरवून दिलं आहे ते त्यासाठीच. म्हणजे जाळ्यात दोऱ्याला जेवढी किंमत, तेवढीच मधल्या मोकळ्या जागेला.

घरी परतताना हे माझ्या मनात घोळत होतं. सकाळी पाचला उठून डबे, मग शाळेतले तास, मग बाजार, मुलांचा अभ्यास, रात्रीची आवराआवर. आपण बायका दिवसाचं जाळं इतक्या बारीक आसाचं विणतो की त्यातून मिनिटसुद्धा निसटत नाही. आणि मग म्हणतो, जीव दमला.

घरी थोरल्या जाऊबाई कोकमाचं आगळ बाटल्यांत भरत होत्या. गेली काही वर्षं त्या घरी पाहुण्यांची सोय करतात. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत रोज दहा-पंधरा माणसांचं रांधणं. सोलकढी, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, भाकऱ्या. मे महिन्यात तर त्यांची मनगटं सुजली होती. पाहुणे गेले तशी पावसाळ्याची बेगमी सुरू झाली. आमसुलं, फणसपोळी, सुकी मासळी डब्यांत भरून ठेवणं. मी दांडीवरची हकीकत सांगितली आणि सहज विचारलं, "वहिनी, तुमची बंदी कधी?"

त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली. "आमका खयची गो सुटी? चूल कधी बंद पडता?"

बोलल्या हसत, पण डोळे हसले नाहीत. दर्यालासुद्धा वर्षातून विश्रांती लागते हे सरकारला समजतं, समाजाला समजतं. त्या विश्रांतीत जाळं विणत बसलेल्या माणसाला "काय वेळ घालवतोस" असं कुणी म्हणत नाही. बाई सुया घेऊन बसली की मात्र पहिला प्रश्न येतो, "एवढा वेळ बरा मिळतो तुम्हाला!"

त्या दिवशी दुपारी तीन वाजता मी त्यांच्या हातात सुया दिल्या. शाळेत असताना त्यांनी विणलं होतं. मग पंचवीस वर्षं सुईला हात नाही. वीस टाके घातले, चार ओळी सुलट झाल्या आणि हात आपोआप चालू लागला. मुलांनी त्या अर्ध्या तासाला नाव ठेवलं, 'दर्या बंद'. तीन ते साडेतीन दर्या बंद, कुणी हाका मारायच्या नाहीत. पहिल्या दिवशी सासूबाईंना ते रुचलं नाही. चहाची वेळ टळते, हे काय नवीन? दुसऱ्या दिवशीही त्यांनी तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी भावोजींनी स्वतःच चहा टाकला. साखर अंमळ जास्तच पडली, पण सासूबाईंनी तो प्यायला, आणि चौथ्या दिवशी आपली अर्धवट राहिलेली गोधडी काढून त्या आमच्याशेजारी येऊन बसल्या. एवढ्यानं काही क्रांती झाली नाही. पण जाऊबाई त्या अर्ध्या तासानंतर उठत, तेव्हा त्यांच्या बोलण्यातली धार कमी झालेली असे, हे सर्वांच्याच लक्षात आलं.

यात जादू काही नाही. २०१३ साली ब्रिटनमधल्या एका व्यवसायोपचाराच्या नियतकालिकात साडेतीन हजारांहून अधिक विणणाऱ्यांची पाहणी छापून आली होती. जे वरचेवर विणतात त्यांना अधिक शांत आणि आनंदी वाटतं, असं त्यात दिसलं. आता हे सगळे मुळातच विणकामाची आवड असलेले लोक, तेव्हा त्याला औषध समजू नये. पण ज्या हाताला लय सापडते त्याचं मनही जरा ताळ्यावर येतं, हा आपलाही अनुभव आहेच. १९६२ च्या चीन युद्धात घरोघरी बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. त्यात ऊब धाडायची होती हे खरं, पण धास्तावलेल्या मनाला हातानं सावरायचंही होतं.

पावसाने बांधून ठेवलेल्या त्या आठवड्यात विणकाम आणि जाळं यांची तुलना करण्याचा आम्हाला छंदच लागला. जाळ्यात प्रत्येक घराला गाठ असते. एक घर तुटलं तरी शेजारचं शाबूत राहतं. स्वेटरमध्ये सगळं एकाच धाग्यावर. एक टाका सुटला की खालपर्यंत ओघळतो. पण त्याचाच फायदा असा की सगळं उसवून तीच लोकर पुन्हा विणता येते. आणि तिसरी तऱ्हा आहे लोकर आटवून घट्ट करण्याची. आपल्या आज्या ज्याला बुरणूस म्हणत, तो विणलेला नसे, लोकर ओली करून, दाबून, मळून केलेला असे. काश्मीरचा नमदा तसाच. लोकरीच्या केसावर डोळ्यांना न दिसणारे खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घासणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. माशाच्या खवल्यांशी दिवसभर झगडणाऱ्या जाऊबाईंना ही गोष्ट फार आवडली!

तीच रीत वापरून आम्ही गरम भांडी उतरवायची फडकी केली. तुम्हालाही करता येतील. लोकर मात्र शंभर टक्के अस्सल हवी. बाजारातली पुष्कळशी 'लोकर' अ‍ॅक्रिलिकची असते, ती कितीही घासली तरी आटत नाही. जाड सुयांवर, सैल हाताने तीस टाके घाला आणि चौकोन होईपर्यंत सगळ्या ओळी सुलट विणून टाके बंद करा. हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात साबण विरघळवून तुकडा बुडवा आणि धुण्याच्या दगडावर पंधरा-वीस मिनिटं मळा. विणीची घरं दिसेनाशी झाली की गार पाण्यातून काढा, पिळा आणि सपाट वाळवा. तुकडा पाव ते तिसरा हिस्सा आटतो, म्हणून आधीच मोठा विणावा. घट्ट झालेला तुकडा कात्रीने कापला तरी उसवत नाही. कुणाला न येणारा अस्सल लोकरीचा जुना स्वेटर असेल तर तोही असाच मळून कापता येतो.

किनाऱ्यावर राहणाऱ्या मैत्रिणींसाठी दोन गोष्टी. खाऱ्या हवेत पोलादी सुया गंजतात आणि लोकरीवर डाग पडतात. त्याऐवजी बांबूच्या वापराव्यात. आमच्या भावोजींनी कुडाळकडच्या माणगा बांबूच्या सुया तासून, काचकागदाने घासून दिल्या. माणगा आतून भरीव असतो, त्यामुळे टोक छान धरतो. आणि पावसाळ्यात लोकर प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, बुरशी धरते. सुती पिशवीत कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह ठेवा आणि ऊन पडलं की वारा दाखवा.

कुणी म्हणेल, विणकामच कशाला? नकोच मुळी! अबोलीचे वळेसर गुंफा, गोधडीला टाके घाला, काथ्याची दोरी वळा. हाताला लय आणि डोक्याला उसंत मिळेल असं काहीही चालेल. पण त्याची वेळ ठरलेली हवी आणि ती घरातल्या सर्वांना माहीत हवी. उरलेल्या वेळात विणीन म्हटलं तर वेळ उरत नाही. दर्यासुद्धा मासे संपल्यावर बंद होत नाही, तारीख आली की बंद होतो.

ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमा झाली. मालवणच्या बंदरावर दर्याला नारळ अर्पण झाला, नारळ लढवण्याचे खेळ रंगले. दोन दिवसांनी जाऊबाईंचा फोन आला. गणपतीची गडबड तोंडावर होती, पाहुण्यांची विचारणा सुरू झाली होती. मी म्हटलं, "आता कसली उसंत तुम्हाला!"

पलीकडून उत्तर आलं, "दर्या उघाडलो गो, पन माजी बंदी आसा. तीन वाजले, ठेवतंय."