महागडी रायफल आणि डोलीचा दोर

मराठी विभागासाठी लिही, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी आधी पळच काढला होता. कॉन्व्हेंटवाल्यांचं मराठी म्हणजे... असो. सांभाळून घ्या.

जूनमध्ये घरी, चौकला गेले होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे बोट वर ओढलेली आणि पपा अंगणात दोर तपासत बसलेले. मी हळूच विषय काढला, जर्मन एअर रायफलचा. वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, आन्शुट्झ यांपैकी मला हवी होती तिची किंमत दोन लाखांच्या पुढे.

पपांनी मान वर न करताच विचारलं, "क्लबच्या रायफलला काय झालं?"

"जुनी आहे. नेम लागत नाही."

"मग घ्यायची तर चांगलीच घे गो. स्वस्त दोर घेतला तर डोलच वाहून जाते."

मी खूश! रात्री ममाने सांगितलं की ते पैसे नव्या जाळ्यासाठी ठेवले होते. मग कसली झोप येतेय.

हॉस्टेलवर परतल्यावर रूममेटचं म्हणणं, "अगं, स्वप्नील कुसळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं, ते काय क्लबच्या जुन्या रायफलवर?" मुद्दा बिनतोड. पण पपांचा दोर डोक्यातून जाईना.

खरं तर पपांचा न्याय शिकारीच्या रायफलला बरोबर लागू पडतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली (बरंच झालं!), पण त्याआधी राजेरजवाडे विलायतेहून दुनळी रायफली मागवायचे. त्यावरचं नक्षीकाम ही हौस. खरं मोल होतं ते दोन स्वतंत्र चापांचं आणि दोन स्वतंत्र यंत्रणांचं. एक दगा देईल तेव्हा दुसरी तरी उडावी. जिम कॉर्बेटने १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, त्याची गोष्ट वाचलीय? त्याच्याजवळची तिन्ही काडतुसं संपली, वाघीण जखमी होऊन समोर. त्याने धावत जाऊन तहसीलदाराची बंदूक घेतली. ती इतकी खिळखिळी की नळी आणि मागचा भाग यांच्यात फट! नेम धरला उघड्या जबड्यावर, गोळी लागली पंजाला, तीही इतकी वरवर की नंतर त्याने ती नखांनी काढली. वाघीण आधीच्या गोळ्यांनीच मरायला टेकलेली होती म्हणून तो वाचला. तिथे बंदूक म्हणजे डोलीचा दोर. दोरावर पैसे वाचवायचे नाहीत.

पण माझ्यासमोर वाघीण नाही, दहा मीटरवर कागद आहे. साठ छर्रे मारायचे. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि पुढे प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटरने बाहेर. मग म्हटलं, इंजिनीअरिंगला आहोत, मोजून तरी बघू. क्लबची रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून मारली: सरासरी चूक २ मिलिमीटर. उभं राहून हातात धरून मारली तर तब्बल सहाच्या वर. दोन स्वतंत्र चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं (एम-थ्रीवाल्यांनो, कुठेतरी उपयोग झाला!). माझी स्वतःची चूक ६ धरली तर क्लबच्या रायफलवर एकूण ६.३ येते. जर्मन रायफलची अर्धा मिलिमीटर धरली तर ६.०. म्हणजे दोन लाखांत ०.३ मिलिमीटर!

आता जिची स्वतःची चूक फक्त दीड मिलिमीटर आहे, तिचं बघा. क्लबच्या रायफलवर २.५ आणि जर्मनवर १.६. प्रत्येक छर्ऱ्याला जवळजवळ एक मिलिमीटरचा फायदा! तिने कर्ज काढून घेतली तरी मी तिला वेडी म्हणणार नाही. महाग रायफल चांगल्या नेमबाजाला जास्त देते. रूममेटचा मुद्दाही तिथेच बसतो.

इथे मी हुशारी मारत सरांना कागद दाखवला. सर हसले. म्हणाले, "दस्ता तुझ्या मापाचा आहे का?" नव्हता. क्लबची रायफल कुणातरी सहा फुटी मुलाच्या मापाची, माझा गाल दस्त्यावर टेकतच नाही. मान अधांतरी, म्हणून डोळा हलतो, म्हणून नेम हलतो. म्हणजे मी जी 'माझी' ६ मिलिमीटर धरली होती, त्यात थोडी रायफलचीच होती. दोन चुका स्वतंत्र नव्हत्याच! माझं गणित तिथेच कच्चं. जर्मन रायफलीत गालाची पट्टी, मागचा टेका, सगळं स्क्रूने मापात बसवता येतं, आणि किमतीतला तो भाग मला खरोखर लागतो.

गणपतीच्या सुट्टीत सरांच्या परवानगीने माप घेऊन गेले. चौकला आमच्या बोटीचं काम करणारे सुतारकाका आहेत. त्यांनी सागाच्या तुकड्याची गालपट्टी करून दिली, काढता-घालता येईल अशी. "बंदुकीला उशी कशाला?" म्हणून अर्धा तास हसत होते. पैसे घेतले नाहीत, त्याऐवजी ममाने सुके बोंबील दिले.

परवा पुन्हा मोजलं. ६.३ ची ५.१ झाली. पपांना फोन करून सांगितलं, की जाळंच घ्या. ते म्हणाले, "आणि दीडवर आलीस की?"

म्हटलं, तेव्हा पुन्हा मागेन.