परसबागेला आधी परस लागतो

'गावाकडे चला, मातीशी नातं जोडा' हे ऐकायला गोड वाटतं. पण ज्याच्या नावावर मातीच नाही, त्याने नातं कशाशी जोडायचं?

यंदा मार्चअखेरीस मी वणीला घरी परत आले आणि घरामागे भाजी लावली. जागा दहा बाय बारा फूट. दोन वाफ्यांत गवार आणि भेंडी, कडेला चवळी, कुडावर दोडक्याचा वेल. पाणी आंघोळीचं नि भांड्यांचं. शेजारच्या आजीने गावठी बी दिलं. एका मित्राने फोनवर विचारलं, "बाबासाहेबांनी गाव सोडायला सांगितलं, आणि तू गावात भेंडी लावतेस?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देते. बाबासाहेबांचा विरोध होता तो माणसाला गुलाम ठेवणाऱ्या गावगाड्याला, जमिनीला नव्हे. महार वतनाची जमीन म्हणजे वेठबिगारीचा साखळदंड, हे ओळखून त्यांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग करावा आणि जात-धर्म न पाहता जमीन गावकऱ्यांना कसायला द्यावी, अशी मागणी केली. कर्मवीर दादासाहेब गायकवाड तर आमच्याच दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. 1959 मध्ये आणि पुन्हा 1964 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी पडीक जमिनीसाठी सत्याग्रह केले, तुरुंग भरले.

आता आमच्या तालुक्याकडे बघा. ओझरखेड, पुणेगाव, करंजवण ही धरणं इथेच आहेत. द्राक्षं परदेशात जातात. एप्रिलमध्ये बागांची खरड छाटणी सुरू होते, तेव्हा वस्तीतल्या बाया सकाळी डबा घेऊन मजुरीला जातात, त्यात माझी आईही. दिवसभर दुसऱ्याचा वेल सांभाळायचा आणि संध्याकाळी त्याच मजुरीतून पावशेर भाजी विकत आणायची. धरण जवळ असून उपयोग नाही, कारण कालव्याचं पाणी सातबाऱ्याच्या मागे जातं.

'माझी पोषण परसबाग' ही उमेद अभियानाची मोहीम चांगलीच आहे. पण परसबागेला आधी परस लागतो. आमच्या वस्तीत कित्येक घरांची मागची भिंत दुसऱ्याच्या भिंतीला टेकलेली आहे. त्या घरातल्या बाईला पोषणाचे धडे देऊन तिच्या ताटात भाजी येत नाही.

हिशेब साधा आहे. माझ्यासारखे नऊ तुकडे मिळून जेमतेम एक गुंठा होतो. दादासाहेबांच्या नावाच्या सबळीकरण व स्वाभिमान योजनेत भूमिहीन, दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन द्यायची तरतूद आहे. चार एकर म्हणजे 160 गुंठे. 2018 पासून ही योजना शंभर टक्के अनुदानाची झाली, पण खरेदीची मर्यादा एकरी जिरायतीला पाच लाख आणि बागायतीला आठ लाख ठेवली. द्राक्षपट्ट्यात या भावाने जमीन कोण विकेल?

म्हणून मित्रांनो, जयंतीची वर्गणी गोळा करायला घरोघर जाल, तेव्हा एक वहीही बरोबर न्या. कोणत्या घराला सातबारा आहे, कोण भूमिहीन आहे, कोणी अर्ज केला होता आणि त्याचं काय झालं, हे लिहून घ्या. वतनाची जमीन कोणाकोणाची होती आणि आज ती कोणाच्या नावावर आहे, ते तलाठ्याकडच्या जुन्या फेरफारांत शोधा. ती यादी ग्रामसभेत वाचा आणि समाजकल्याण कार्यालयात देऊन पोच घ्या.

गवार उगवायला आठवडा लागला. जमिनीच्या प्रश्नाला पिढ्या लागल्या आहेत, तो आपोआप उगवणार नाही.

जय भीम!