बोरू फिरता कामा नये

सुलेखनाच्या वर्गात सुरुवातीचे कितीतरी रविवार आम्ही एकही अक्षर काढलं नाही. नुसत्या रेघा. आडवी, उभी, या बाजूला कललेली, त्या बाजूला कललेली, मग अर्धवर्तुळ, मग गाठ. माझी कल्पना होती की पहिल्याच दिवशी ठसठशीत ‘श्री’ काढून घरी न्यायचा. प्रत्यक्षात हातात बोरू, समोर शाईची बाटली, शेजारच्या बाकावर सातवीतली मुलगी, आणि पन्नाशीला टेकलेली मी पानामागून पान उभे दंड ओढत बसलेली. हे कशासाठी चाललंय आणि यातून अक्षर कधी निघणार, काही उमजत नव्हतं.

मी एका पतसंस्थेत लेखनिक आहे. पत्रं, नोटिसा, इतिवृत्तं यांचे मसुदे करायचे आणि टाइप करून पुढे द्यायचे, हे रोजचं काम. कागद साहेबांपुढे ठेवताना माझं एक वाक्य ठरलेलं असायचं, “बरोबर आहे ना?” चूक क्वचितच निघायची. पण कुणीतरी ‘हो’ म्हटल्याशिवाय माझं पाऊल पुढे पडायचं नाही. सोसायटीच्या सभेत, नातेवाइकांत, अगदी साडी घेतानाही तेच. याचं मूळ कुठे आहे ते मला ठाऊक आहे. शाळेत एकदा माझी वही सगळ्या वर्गापुढे धरून “हे अक्षर की कोंबडीचे पाय?” असं विचारलं गेलं होतं. त्यानंतर हातानं लिहायची वेळ येईल तिथे मी मागे सरत गेले. ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा सुटल्यासारखं झालं. त्यामुळे वाचनालयाच्या फलकावर सुलेखन वर्गाची सूचना वाचून मी नाव का दिलं, याचं घरच्यांइतकंच मलाही नवल वाटलं.

बोरूचं टोक चपटं आणि तिरकं कापलेलं असतं. माझी समजूत अशी की जाड रेघ हवी तिथे दाबायचं, बारीक हवी तिथे हात हलका करायचा. सरांनी पहिल्यांदा हीच समजूत काढून टाकली. दाबाचा इथे संबंध नाही. टोक कागदावर पंचेचाळीस अंशांत टेकवायचं आणि तो कोन जराही न बदलता हात न्यायचा. मग एका तिरक्या दिशेला रेघ टोकाच्या पूर्ण रुंदीची येते, तिच्या विरुद्ध तिरक्या दिशेला अगदी बारीक येते, आणि उभी व आडवी रेघ सारख्याच जाडीच्या येतात. अक्षराचा सगळा डौल या एका कोनातून निघतो. इंग्रजी अक्षरांच्या लेखणीचा काप आपल्या देवनागरीच्या कापाच्या उलट असतो, म्हणून तिकडची लेखणी घेऊन ‘क’ काढला तर जाडी भलत्याच जागी येते.

ऐकायला सोपं होतं, करताना हात चालेना. दंड वर बरोबर सुरू व्हायचा आणि खाली येईपर्यंत बारीक व्हायचा. शाई जास्त घेतली की सुरुवातीलाच थेंब साचायचा, बाटलीच्या काठावर निथळून घेतली की अर्ध्या दंडात संपायची. माझं बिघडतंय कुठे ते मला दिसेना. शेजारची मुलगी थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “काकू, तुमचा बोरू फिरतोय.” तिने मला तिची युक्ती दाखवली. एक दंड आणि त्यावर एक शिरोरेघ ओढायची. दोन्हींची जाडी जुळली तर कोन टिकला. दंड बारीक आणि शिरोरेघ जाड असेल, किंवा उलट असेल, तर बोटं मध्येच वळली.

या युक्तीनं माझं सगळं बदललं. आता सरांकडे पान न्यायची गरज उरली नाही, कारण पानच सांगत होतं. खालच्या बाजूला दंड बारीक होतोय म्हणजे मनगट वळतंय. मनगट वळतंय कारण मी बोटांनी ओढतेय. मग कोपरापासून हात हलवायचा. पुढच्या ओळीत तसं केलं की फरक तिथल्या तिथे दिसायचा. सरांची एक रीत होती, पान भरलं की त्यातले चांगले दंड आपले आपण निवडायचे आणि पेन्सिलीनं खूण करायची. नंतर ते स्वतः बघायचे. सुरुवातीला त्यांची आणि माझी निवड वेगळी निघायची. हळूहळू ती जुळू लागली. ती जुळली त्या दिवशी जो आनंद झाला, तो पुढे पहिलं नीट अक्षर आलं तेव्हाही झाला नाही.

मग अक्षरं आली, तीही गटागटानं. व, ब, क एकत्र, कारण तिन्हींत पोट तेच. प, ष, फ एकत्र. ग, म, भ, न यांचा वेगळा मेळ. पाकळीच्या ‘ल’नं मला सर्वांत जास्त दमवलं. दोन पाकळ्या सारख्या आल्या तर दंड लांब पडायचा, दंड जवळ आला तर दुसरी पाकळी चेपायची. अक्षराची उंची बोरूच्या टोकाच्या रुंदीवरून ठरते. आम्हाला पाचपट शिकवली. म्हणजे बोरू बदलला की सगळी मापं बदलतात.

एका रविवारी सरांनी दासबोध उघडायला सांगितलं. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, हे घरात दासबोध असूनही मला माहीत नव्हतं. समर्थांनी त्यात लेखण्या, शाई, कडेनं जागा सोडणं, ओळी सारख्या राखणं यांचा विचार केलाय. ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सगळं एकाच टाकानं लिहिल्यासारखं वाटावं, अशी त्यांची अपेक्षा आहे. तरुणपणी फार बारीक लिहिलेलं म्हातारपणी कामाला येत नाही, म्हणून मध्यम अक्षराची सवय करावी, हेही ते सांगतात. चष्मा सावरत ते वाचताना मला फार आधार वाटला. अक्षर ही जन्मजात देणगी आहे आणि ती आपल्याला मिळाली नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. इथे एक थोर माणूस अक्षराकडे कष्टानं आणि काळजीनं करायचं काम म्हणून बघत होता.

तेव्हापासून मला सगळीकडे अक्षरंच दिसू लागली. ऑफिसात ज्या ‘मंगल’ फॉन्टमध्ये मी वर्षानुवर्षं पत्रं टाइप केली, तो कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला आहे, हे कळल्यावर पडद्यावरचा प्रत्येक ‘क’ मी थांबून बघितला. नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे यांनी केलेली अक्षरं लहानपणी वर्तमानपत्रात कित्येकदा बघितली होती, पण एकेका नाटकाचं नाव स्वतःचा स्वभाव घेऊन कसं उभं राहायचं, ते आता समजलं.

वाचनालयाच्या निबंध स्पर्धेची प्रशस्तिपत्रकं लिहायचं काम वर्गाकडे आलं आणि त्यातला एक गठ्ठा माझ्याकडे आला. जादा प्रती नव्हत्या. पहिलंच नाव ‘प्रज्ञा’. कोऱ्या जागेत मी पेन्सिलीनं मापं टाकली. मग पत्रकाच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात, एक छोटा दंड ओढून बघितला. शाई कडेनं फुटली. कागद गुळगुळीत होता आणि शाई धरत नव्हता. संयोजकांना मी सांगितलं, “या कागदावर बोरू चालणार नाही. मी कट-मार्करनं लिहिते, अक्षर थोडं मोठं घ्यावं लागेल.” ते “बरं” म्हणाले आणि निघून गेले. दुसऱ्या नावाचा ‘ळ’ लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी त्यांना काही विचारलंच नव्हतं. फक्त सांगितलं होतं.

ऑफिसातही तसंच होऊ लागलंय. वार्षिक सभेच्या नोटिशीत एक वाक्य दोन अर्थ देत होतं. मी ते बदललं, का बदललं ते साहेबांना सांगितलं आणि कागद पुढे ठेवला.

छंदामुळे आत्मविश्वास वाढतो असं सगळेच म्हणतात आणि बहुतेकांच्या मनात त्यामागे इतरांकडून मिळणारं कौतुक असतं. माझा अनुभव वेगळा आहे. माझ्या अक्षराचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले की अंगठे, फुलं येतात, बरंही वाटतं, पण ते संध्याकाळपर्यंत टिकत नाही. टिकली ती नजर. स्वतःचं काम बघून यातलं चांगलं कोणतं, कच्चं कोणतं आणि कच्चं का राहिलं, हे दुसऱ्याला न विचारता ओळखता येणं. ज्या कामाचा निकाल हातासरशी डोळ्यांपुढे येतो आणि पुढच्याच ओळीत सुधारता येतो, तेच काम ही नजर देतं. माझं अक्षर आजही शिकाऊ आहे. ‘ल’ अजून हवा तसा येत नाही. पण तो का येत नाही, ते मला सांगता येतं.

तुमच्या गावात असा वर्ग नसेल तर अडून राहू नका. स्टेशनरीच्या दुकानातून तिरप्या, चपट्या टोकाचा मार्कर आणा. टोकाच्या रुंदीच्या पाचपट अंतर ठेवून कागदावर रेघा आखा. स्वतःचं नाव लिहायची घाई करू नका, आधी दंड आणि शिरोरेघ घोटा. पान भरलं की कुणाला दाखवायच्या आधी त्यातले चांगले दंड तुम्हीच निवडा आणि त्यांना पेन्सिलीनं खूण करा.