तरवडाची फुले आणि विकतचा हार



धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या संध्याकाळी आम्ही दोघी जावा मुलाबाळांना घेऊन नवी पेठेतल्या आमच्या वाड्याच्या चौकात टेबल मांडतो. टेबल कसले, मुलांच्या अभ्यासाचे मेजच ते, आणि त्याचाही एक पाय आखूड. त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारायची, वर पांढरी चादर अंथरायची, त्यावर तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या मंचावरही टेबलावरच बुद्धमूर्ती ठेवली होती आणि तिथे उदबत्त्या जळत होत्या, हे कळल्यापासून मुलांना या लंगड्या मेजाचा मोठा अभिमान वाटतो.

पूर्वी सजावट सगळी विकतची असे. पेठेत राहायचे म्हणजे दुकाने दारातच. प्लास्टिकची फुले, चमकीच्या माळा. दोन वर्षांत त्यांचा रंग उडाला. एका वर्षी झेंडूचा भाव ऐकून तर आम्ही रिकामी पिशवी घेऊनच परतलो. तेव्हा थोरलीची मुलगी म्हणाली, "माळावर एवढं फुललेलं असतं, ते का आणू नये?"

म्हणून एका रविवारी तुळजापूर रस्त्याने हिप्परगा तलावाच्या बाजूला गेलो. पाऊस सरला की आपल्या सोलापूरच्या माळावर तरवड पिवळाधमक फुलतो. शेताच्या बांधावर कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे असतात. ते वाळले तरी बरेच दिवस तसेच राहतात. ओढ्याकाठी पाणकणसे मिळाली. ज्वारीचे कणीस मात्र या दिवसांत शोधू नये, आपल्याकडे शाळूची पेरणीच तेव्हा चाललेली असते. बाजरी निघालेली असते. ओळखीच्या शेतकऱ्याकडून पाच-सहा कणसे मागून घेतली.

भारा घेऊन घरी आलो, तर उंबऱ्यातच आत्याबाई उभ्या.

"हे काय आणलंय? फाटी?"

आम्ही सांगितले, टेबलासाठी. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री जेवणे झाल्यावर बोलल्या, "माझा बाप डोक्यावर फाटी वाहून दुसऱ्यांच्या दारात टाकत होता. त्यातनं सुटायला आपण शहरात आलो. आता बाबासाहेबांच्या म्होरं तुमी रानातली काटकी ठेवणार? त्यांना विकतचा हार नको?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आत्याबाईंचे वय आज ऐंशीच्या पुढे आहे, बालपण बार्शीकडच्या खेड्यात गेले. महार वतनाच्या जाचातून सोडवण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले आणि कनिष्ठ वतने प्रत्यक्षात रद्द करणारा कायदा 1958 साली झाला, हे आम्ही पुस्तकात वाचलेले. त्या वेशीवरच्या घरात वाढलेल्या. आम्हाला जे रानफूल वाटत होते, ते त्यांना वेठ वाटत होते. पुढे शहरात त्यांनी अनेक वर्षे झाडकाम केले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर सुकलेला झेंडू आणि तुडवलेली आपट्याची पाने किती पाट्या निघतात, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

तरी त्या वर्षी आम्ही टेबल रानफुलांनीच सजवले. थोडा हट्टच झाला, हे आज कबूल करतो. आणि फजितीही झाली. पाणकणसे फार पिकलेली होती. ऑक्टोबरच्या उन्हाने ती तडकली आणि ऐन वंदनेच्या वेळी त्यांचा कापूस चौकभर उडाला. मूर्तीवर, तसबिरीवर आणि झाकण नसलेल्या खिरीच्या पातेल्यात. मुले हसून हसून लोळली. आत्याबाईंनीही तोंडाला पदर लावला, पण हसल्या की रागावल्या, ते कळले नाही.

आता पाणकणीस आणतच नाही. आणखी काही गोष्टी चुकतमाकत शिकलो. गाजरगवताची पांढरी फुले दिसायला छान असतात, पण त्याने अंगाला खाज सुटते, पुरळ उठते. मुलांना त्याला हात लावू देऊ नका. कण्हेर तर मुळापासून फुलापर्यंत विषारी, ती खाण्याच्या ताटांजवळ नको. रुईचा चीक डोळ्यात जाता कामा नये. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून काडीसुद्धा उचलायची नाही. आणि तरवड पाण्यात ठेवला नाही तर संध्याकाळपर्यंत मान टाकतो.

मुलांनी आपले एक काम ठरवून घेतले आहे. पंचशील ध्वजाचे पाच रंग फुलांत जुळवायचे. निळ्याला कुंपणावरची गोकर्ण, पिवळ्याला तरवड, लालला शेजारच्या काकूंची जास्वंद (विचारून), पांढऱ्याला चांदणी, केशरीला चार झेंडू. पिंपळाची गळलेली पाने वर्षावासात महिनाभर पाण्यात कुजत घालतो. मग मऊ ब्रशने हलकेच घासली की नुसती जाळी उरते. त्या बादलीच्या वासावरून वाड्यात दर वर्षी तक्रार होते; पण दिव्यामागे ते पान लावले की तक्रार करणारेच जवळ येऊन बघतात.

दुसऱ्या वर्षी आम्ही दोन्ही ठेवले: बाबासाहेबांच्या तसबिरीला विकतचा, भरगच्च हार, टेबलाच्या कडेने रानफुले. हार आणायला आत्याबाईंनाच पुढे केले. पेठेत त्यांनी असा भाव केला की फुलवाला शेवटी म्हणाला, "आज्जी, तुमीच बसा दुकानात."

त्याच दुपारी आम्ही तरवडाच्या फांद्या तांब्यात कशाबशा खोचत होतो. आत्याबाई बघत होत्या. मग पुढे आल्या, सगळ्या फांद्या बाहेर काढल्या, खालची पाने ओरबाडली, देठ तिरके कापले. "याची साल कातडं कमवायला लागती," म्हणाल्या. "फुलाकडं कोण बघतंय तवा." आणि एकेक फांदी पुन्हा लावू लागल्या.

कार्यक्रम आटोपल्यावर बाजरीची कणसे त्यांनी सोडवून घेतली, सुपात चोळली, दाणे पाखरांसाठी गच्चीवर नेले. सकाळी बाकीचा पाला तुळशी-गुलाबाच्या कुंड्यांत गेला. वाड्यासमोर रस्त्यावर एक पाकळीही पडू दिली नाही; आम्ही उठायच्या आत त्यांनी चौक झाडलेला होता.