दोन उंबरठे

सांताक्रूझ स्थानकाच्या पूर्वेला, पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या आजूबाजूस, वाकोला वसलेले आहे. एके काळी हे साष्टी बेटावरील एक लहानसे गाव होते. आज तेथे माणसांची आणि वाहनांची अखंड वर्दळ असते. दत्तमंदिराचा रस्ता, सेंट अँथनीचे चर्च, गजबजलेला बाजार, आणि डोक्यावरून घरघरत जाणारी विमाने! नवख्या माणसाचे बोलणे विमानाच्या आवाजाने मध्येच तुटते. वाकोलेकर मात्र क्षणभर थांबतो आणि तुटलेले वाक्य जेथल्या तेथे जोडून पुढे बोलू लागतो.

अशा या वस्तीतील एका चाळीत, तळमजल्याच्या खोलीत, एक आजोबा राहत असत. त्यांचे गाव कणकवलीच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत. शाळेत नाव घालताना गुरुजींनी त्यांची जन्मतारीख १ जून १९४५ अशी लिहून टाकली होती. त्या काळचे शाळेचे दाखले पाहिले, तर खेड्यांतील निम्मी मुले १ जूनलाच जन्माला येत असावीत असे वाटते! या तारखेमुळेच लोअर परळच्या रेल्वे कारखान्यातून ते ३१ मे २००५ रोजी सेवानिवृत्त झाले. सहकाऱ्यांनी हार घातले, भिंतीवरचे एक घड्याळ भेट दिले. आयुष्यभर भोंग्याच्या तालावर धावलेल्या माणसाला निरोपाच्या दिवशी घड्याळच का देतात, कोण जाणे!

१९६४ साली आजोबा मुंबईस आले ते बोटीने. देवगडच्या बंदरात पडावातून बोटीवर चढावयाचे आणि भाऊच्या धक्क्यावर उतरावयाचे, असा तो प्रवास. कोकणातील घरोघरचा कर्ता मुलगा तेव्हा असाच मुंबईस येई, आणि दर महिन्यास त्याची मनीऑर्डर गावी जाई. गावकरी त्याला चाकरमानी म्हणत. चाकरी संपली की गावी परतावयाचे, हे त्याने मनाशी धरलेलेच असे. आजोबांनीही ते धरले होते. बंधूंना लिहिलेल्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक वाक्य ठरलेले असे, “निवृत्त झालो की कायमचा येतो.”

आपल्या पूर्वजांनी उतारवयासाठी वानप्रस्थ सांगितला आहे. संसाराचा भार मुलांवर सोपवून वनाकडे जावे, अशी ती कल्पना. परंतु ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ हा प्रचंड ग्रंथ लिहून अशा साऱ्या परंपरांचा शोध घेणारे कोकणपुत्र, भारतरत्न पांडुरंग वामन काणे, स्वतः मात्र वार्धक्यातही मुंबईतच ग्रंथांच्या सहवासात रमले. १९७२ साली तेथेच त्यांचे निधन झाले. ज्याचे काम जेथे, त्याचे वन तेथेच असावे. पण ज्याचे काम नुकतेच संपले आहे, त्याने काय करावे?

आजोबांना उत्तर सापडण्याआधीच २६ जुलै उजाडला. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. मिठी नदीला मिळणारा वाकोल्याचा नाला फुगला आणि पाणी चाळीत शिरले. पाहता पाहता ते कमरेएवढे झाले. वरच्या मजल्यावरील ख्रिस्ती शेजारणीने दार उघडून आजोबांच्या घरातील पाचही माणसांना आत घेतले, कोरडे कपडे दिले, आणि रात्रभर चुलीवरचे चहाचे आधण उतरू दिले नाही. सकाळी पाणी ओसरले. निवृत्तिवेतनाचे कागद भिजून लगदा झाले होते. भिंतीवरचे घड्याळ तेवढे चालू होते.

“पुरे झाली ही मुंबई!” आजोबा म्हणाले. “आपण गावी जाऊ. मुलासुनेला आणि नातीलाही या खोलीत हातपाय पसरता येतील.”

आजी काहीच बोलल्या नाहीत. त्या चिखल भरलेली भांडी घासत होत्या. खरे म्हणजे पावसाने त्या आठवड्यात कोकणालाही सोडले नव्हते. महाड तालुक्यात दरडी कोसळून कित्येक माणसे गाडली गेली होती. पण गावाची ओढ लागलेल्या मनाला अशा गोष्टी ऐकू येत नाहीत.

भाद्रपदात गणपतीच्या सणाला दोघे कोकण रेल्वेने गावी गेले आणि राहिले. पहिले काही महिने फार सुखाचे गेले. आरत्या, भजने, मग भाताची कापणी आणि मळणी. आजोबांनी विहिरीवरचा मोडका रहाट दुरुस्त केला, गोठ्याचे दार बसवले. कारखान्यातील फिटरचे हात रिकामे राहीनात. पहाटे पडवीत बसून धुक्यातून वर येणारा डोंगर पाहताना त्यांना वाटे, चाळीस वर्षे आपण हेच तर मागत होतो.

परंतु सणाला आलेले चाकरमानी परतले, तेव्हा वाडीतील अर्ध्याहून अधिक घरांना कुलपे लागली. उरले ते बहुतेक म्हातारे. मार्गशीर्षातील एका रात्री धाकट्या भावजयीच्या छातीत कळा येऊ लागल्या. जीप पलीकडच्या वाडीत. कंदील घेऊन पुतण्या धावत गेला. जीप येऊन रुग्णालय गाठीपर्यंत दोन तास लोटले. भावजय वाचली, पण ते दोन तास आजोबांच्या मनातून गेले नाहीत. वाकोल्यात महानगरपालिकेचे देसाई रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे, हे त्यांना तेथे राहताना कधी जाणवलेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी खळ्यात बसून त्यांनी आजींना विचारले, “तुला काय वाटते? येथेच राहावे, की परत जावे?”

आजींनी हातातले सूप खाली ठेवले. “छत्तीस वर्षांत आज प्रथमच विचारलेत.”

“म्हणजे?”

“अहो, हे गाव तुमचे. माझे माहेर नदीपलीकडे. तेथे आता कोणी नाही. या घरात मी दोन वर्षे सासुरवाशीण म्हणून राहिले. विहिरीचे पाणी किती खोल आहे ते मला ठाऊक आहे, डोंगर कसा दिसतो ते पाहायला मात्र तेव्हा सवड नव्हती. वाकोल्याच्या खोलीतली चूल मी मांडली. नळाच्या रांगेत मला मैत्रिणी मिळाल्या. त्या पुराच्या रात्री दार कोणी उघडले, ते तुम्ही पाहिलेच आहे.”

आजोबा खाली पाहू लागले. गेली कित्येक वर्षे ते ‘आपले घर’ म्हणत आले होते. त्यातील ‘आपले’ दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी नेत होते, हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते.

“पण एक सांगते,” आजी पुढे म्हणाल्या. “येथे तुमचे हात चालतात. तेथे जाऊन तुम्ही दिवसभर खिडकीत बसून राहणार असाल, तर मी येथेच राहीन. रिकामे बसलेले तुम्हाला मला पाहवणार नाही.”

त्या रात्री दोघेही उशिरापर्यंत जागी होती. काय बोलली ते घरातल्यांना कळले नाही. शिमगा होताच ती वाकोल्यास परतली, एवढे मात्र खरे. बंधूंना वाईट वाटले. “दादा, पत्रातले वाक्य खोटेच ठरले की!” ते म्हणाले, आणि आजोबांना त्यावर उत्तर देता आले नाही.

वाकोल्यात आजोबांनी आपली हत्यारांची पेटी खाटेखालून बाहेर काढली. कोणाचा गळका नळ, कोणाची अडकलेली कडी, कोणाची शिवणयंत्राची पावटी, असे काम दारात येऊ लागले. जागा अपुरी होती ती अपुरीच राहिली. नात अभ्यासाला बसली की आजोबांना पेटी घेऊन जिन्याखाली जावे लागे.

वैशाखात मात्र गावचे घर शाकारावे लागते. मागच्या पावसात फुटलेली कौले बदलली नाहीत, तर पुढच्या पावसात वासे कुजतात. रेल्वेचा पास खिशात घालून आजोबा एकटेच निघाले. आजींनी पिशवीत दशम्या बांधून दिल्या, दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “शिडीवर स्वतः चढू नका. आणि पाऊस लागायच्या आत घरी या.”