कव्हर उघडल्यावर

रेस वाढते आहे आणि गाडी मात्र पुढे जात नाही, हे मला पहिल्यांदा जाणवलं ते वसई किल्ल्याच्या जेट्टीवर. भाईंदरहून येणारी रो-रो बोट ओहोटीच्या वेळी धक्क्याला लागली की बाहेर पडायचा चढ चांगलाच उभा होतो. पुढच्या मोटारसायकली, एक रिक्षा सरसर वर गेल्या. मी मूठ पिळली, इंजिन ओरडलं, गाडी हातभर सरकली आणि तिथेच थरथरत राहिली. मागे रिकाम्या क्रेट्स भरलेला टेम्पो हॉर्न देत होता. खाली उतरून गाडी रेटावी, तर ते मला जमणारं नाही. लहानपणी पोलिओने डावा पाय गेला. कॅलिपर घालून मी सपाटीवर बऱ्यापैकी चालते, पण चढावर शंभर-सव्वाशे किलोची गाडी ढकलणं माझ्या आवाक्याबाहेरचं. बोटीवरच्या दोन मुलांनी मागून रेटा दिला, तेव्हा कुठे वर आले.

माझी गाडी म्हणजे बिनगियरची स्कूटर आणि तिच्या मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना बसवलेलं एकेक जादा चाक. चाकं मोजली तर चार भरतात, तरी आमच्यात सगळे तिला तीनचाकीच म्हणतात. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या दोन कारखान्यांचे हिशेब मी बघते. लोकलला दिव्यांगांचा डबा असतो, पण त्या डब्यापर्यंत पोचायचं म्हणजे पूल, जिने, गर्दी. लिफ्ट चालू असेल तो दिवस चांगला. रस्त्याने जावं तर हायवे, वर्सोव्याचा पूल, काशिमिरा असा पस्तीसेक किलोमीटरचा वळसा. फेब्रुवारी 2024 मध्ये रो-रो सुरू झाली आणि खाडीवरचं साडेतीन-चार किलोमीटरचं अंतर मी गाडीवर बसल्या बसल्या पार करू लागले. घराच्या दारात गाडीवर बसायचं ते थेट कारखान्याच्या दारात उतरायचं. वसईतल्या कुणालाही ही बोट सोयीची वाटेल. मला तिने महिन्याचा पगार मिळवून दिला, असं मी म्हणेन. म्हणून त्या चढावर गाडी थांबली तेव्हा पोटात गोळा आला.

आमच्या पिढीच्या पोलिओवाल्यांना खऱ्या अर्थाने रस्त्यावर आणलं ते कायनेटिक होंडाने. पुण्याचे फिरोदिया आणि जपानची होंडा यांनी 1984 मध्ये हात मिळवले, पीथमपूरला कारखाना निघाला आणि बटण दाबलं की सुरू होणारी, गियर नसलेली स्कूटर आली. त्याआधीच्या स्कूटरला किक मारायला एक धड पाय लागायचा आणि मागचा ब्रेक दाबायलाही पायच. त्या गाड्यांनाही लोक बाजूची चाकं लावून घ्यायचे, पण किक मारायला शेजाऱ्याला हाक मारावी लागे. माझी पहिली गाडी जुनी, दुसऱ्या हाताची कायनेटिकच होती. तिच्या पोटात गियरच्या जागी एक रबरी बेल्ट होता, आणि आजच्या सगळ्या बिनगियरच्या स्कूटरमध्येही तो असतोच. ही करामत मुळात मोटारीतली. हॉलंडच्या डाफ कंपनीने 1958 मध्ये छोटी मोटार दाखवली, तिची मागची चाकं असल्याच बेल्टवर फिरत. पुढे जाताना जेवढा वेग, तेवढाच ती मागे जातानाही घेऊ शकायची.

एवढं सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त वाटलं, बेल्ट सैल झाला असणार, कुठेतरी नट असेल, तो पिळला की काम झालं. आधी ज्या सर्व्हिस सेंटरला गेले तिथल्या मुलाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "मॅडम, आधी साईड व्हील काढून आणा, मग बघतो." साईड व्हील काढली तर मी गाडी आणू कशी, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नाही, त्याला शिकवलेलंच नाही. पण कायद्याने मान्य असलेली गाडी, तिची नोंद आरटीओत, तिचा विमा मी भरते, आणि तिला हात लावायला माणूस नाही, हे मला आजही सलतं.

पापडीच्या बाजूला एक मिस्त्री आहेत, वयस्कर, पूर्वी त्यांनी बरीच वर्षं कायनेटिकच खोलल्या. त्यांनी गाडी चालवून पाहिली नाही, मला म्हणाले, "ताई, तुम्हीच जरा पुढे-मागे करा, मी ऐकतो." दोनदा ऐकलं. "क्लच नाही. क्लच गेला असता तर जळका वास आला असता आणि उचलतानाच रडली असती. हा बेल्ट आहे."

"मग घट्ट करून द्या," मी म्हटलं.

"हा घट्ट होत नसतो. बसा, दाखवतो."

त्यांनी मला स्टूल दिलं आणि गाडीच्या डाव्या अंगाला बसवलं. आधी डावीकडच्या साईड व्हीलचा ब्रॅकेट मोकळा केला, कारण तो कव्हरच्या आडच येतो. मागच्या चाकाखाली आणि चौकटीखाली लाकडी ठोकळे सारले, गाडी कलू नये म्हणून. मग आठ नंबरच्या टी-पान्याने कव्हरचे स्क्रू एकेक करून काढले आणि एका पुठ्ठ्यावर त्याच क्रमाने टोचून ठेवले, कारण सगळ्यांची लांबी सारखी नसते. कव्हर निघालं. आत काळी, मऊ भुकटी साचली होती. ती भुकटी म्हणजे माझा झिजलेला बेल्ट.

आतलं काम समजायला सोपं आहे. पुढे इंजिनच्या दांड्यावर एक पुली, मागे चाकाच्या बाजूला दुसरी. दोन बशा बुडाला बूड लावून ठेवल्या की मध्ये जशी खाच होते, तशी प्रत्येक पुलीत खाच असते, आणि त्या खाचेत बेल्ट बसतो. पुढच्या पुलीची एक बाजू सरकती असते. तिच्या मागे सहा छोटे रोलर. इंजिन जोरात फिरलं की रोलर बाहेर फेकले जातात, सरकत्या बाजूला रेटतात, खाच अरुंद होते आणि बेल्ट वर चढतो. बेल्टची लांबी काही वाढत नाही, म्हणून मागच्या पुलीतला बेल्ट तेवढाच आत खेचला जातो. तिथली बाजू स्प्रिंगला दाबत उघडते. गियर बदलणं म्हणतात ते हेच, पण पायरीपायरीने नाही, सलग. आणि ताण द्यायला नट का नाही, तेही इथेच कळतं: ताण मागचा स्प्रिंग स्वतःच देत असतो. बेल्ट झिजतो तो रुंदीत. अरुंद झाला की खाचेत खोल बसतो, पकड जाते, चढावर घसरतो. बाहेरून आपल्याला वाटतं सैल झाला.

मिस्त्रींनी जुना बेल्ट काढून माझ्या हातात दिला. दोन्ही कडा आरशासारख्या चकाकत होत्या. उलटा वाकवला तर दात्यांच्या मुळाशी बारीक भेगा दिसल्या. व्हर्निअर लावून रुंदी मोजली, मग नव्या बेल्टची मोजली. फरक एक मिलिमीटरच्या वर निघाला. एवढ्याशा फरकाने मी जेट्टीवर अडकले होते.

नवा बेल्ट टाकायच्या आधी त्यांनी पुढच्या पुलीमागचं ऑइल सील बोट फिरवून तपासलं. तिथून तेल पाझरत असेल तर नवा बेल्टही पहिल्याच दिवशी घसरेल. कोरडं होतं. पुलीच्या दोन्ही बाजू त्यांनी पेट्रोलच्या फडक्याने पुसल्या, स्वतःचे हात साबणाने धुतले आणि मगच बेल्टला हात लावला. बेल्टवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो, तो मला दाखवला. आणि मग ते काम, जे पाहण्यासाठी मी जवळजवळ स्टुलावरून वाकले होते. मागची पुली दोन्ही हातांनी उघडून त्यांनी बेल्ट तिच्या खाचेत खोल दाबला. त्यामुळे पुढच्या बाजूला बेल्ट अगदी ढिला, लोंबणारा झाला. तो ढिला असतानाच पुढच्या पुलीचा बाहेरचा भाग चढवायचा आणि नट आवळायचा. बेल्ट तिथे ताणलेला राहिला तर तो दोन बाजूंमध्ये चिमटला जातो; नट घट्ट झाल्यासारखा लागतो, पण आवळलेला असतो बेल्टवर. पहिल्याच फेऱ्यांत बेल्ट सुटतो आणि नट मोकळा होतो. "घाईत नव्या पोरांचं इथेच चुकतं," ते म्हणाले. पुली धरायला त्यांच्याकडे होल्डर होता. पंख्याच्या पात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवून आवळणाऱ्यांच्या गाड्यांची तुटलेली पाती त्यांनी कोपऱ्यातून काढून दाखवली.

आवळून झाल्यावर बेल्ट अजून ढिलाच दिसत होता. मी विचारलं. उत्तर न देता त्यांनी मागची पुली हाताने फिरवायला सुरुवात केली. फिरता फिरता तिच्या खाचेतला बेल्ट हळूहळू वर येत गेला आणि मधली लोंबणारी बाजू सरळ झाली.

यानंतर त्यांनी जे केलं, ते कुठल्याही सर्व्हिस सेंटरने केलं नसतं. कव्हर बसवून ते उठले नाहीत, साईड व्हीलकडे वळले. मला गाडीवर बसायला सांगितलं आणि मागच्या चाकाखाली पुठ्ठ्याचा कपटा सारून बघितला. कपटा सहज पुढेमागे सरकला. म्हणजे माझं वजन बाजूच्या चाकांवर जास्त आणि मधल्या चाकावर कमी पडत होतं. गाडी ओढतं ते मधलं चाक. खड्ड्यात ते क्षणभर अधांतरी फिरतं, मग एकदम जमिनीला चावतं, आणि तो हिसका दरवेळी बेल्टला बसतो. आमच्याकडचे रस्ते पावसाळ्यानंतर कसे असतात ते सांगायला नको. त्यांनी दोन्ही ब्रॅकेटचे नट थोडे फिरवून चाकं वर घेतली, मागच्या तिन्ही चाकांत हवा नीट भरली, मला पुन्हा बसवलं, पुन्हा कपटा सारला. या वेळी तो अडकला. बेल्टला ज्या जुळवणीची गरज होती ती कव्हरच्या आत नव्हतीच.

27 मार्च 2014 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र दिलं. त्या बातमीने मला रडू आलं होतं. माझ्यासारख्या पायाची नवी मुलं आता येणार नाहीत. पण तीनचाकी चालवणारी माणसं येतच राहणार: लोकलमधून पडून पाय गेलेले, मणक्याचा आजार झालेले, मधुमेहाने पाय कापावा लागलेले. त्यांना गाडी बंद पडली की 'दोन मिनिटं ढकलू' म्हणता येत नाही. म्हणून मला वाटतं, या गाड्या विकणाऱ्यांनी आणि बाजूची चाकं लावून देणाऱ्यांनी माणसाला एकदा तरी स्टुलावर बसवून कव्हरच्या आत काय आहे ते दाखवावं. जादा चाकांचं वजन आणि ओढ अंगावर घेणारा बेल्ट साध्या स्कूटरच्या बेल्टआधी झिजतो, हे लिहून द्यावं. आयटीआयच्या पोरांना साईड व्हील काढायला-बसवायला शिकवावं. हे फार मोठं मागणं नाही.

वसईत पाऊस म्हणजे काय ते जुलै 2018 मध्ये सगळ्यांनी पाहिलं. रूळ पाण्याखाली, मिठागरात अडकलेली माणसं बोटीने काढलेली. तेवढं पाणी दरवर्षी होत नाही, पण गुडघाभर तर सखल भागात होतंच. या बेल्टच्या घरात थंड हवा खेळावी म्हणून वाट ठेवलेली असते, त्याच वाटेने पाणीही शिरतं, आणि ओला बेल्ट नवाकोरा असला तरी घसरतो. मिस्त्रींनी सांगून ठेवलंय, पाण्यातून आलात की लगेच चढावर नेऊ नका, सपाटीवर हळू चालवून बेल्ट सुकू द्या, आणि भिजलाच असेल तर चार दिवसांत येऊन कव्हर उघडून पुसून घ्या. बदललेला बेल्ट मी डिकीत ठेवला होता, अडीअडचणीला म्हणून. तोही त्यांनी काढून घेतला. झिजलेला बेल्ट अडचणीत काही कामाचा नाही, नवा ठेवा म्हणाले. आता डिकीत नवा आहे. मे महिन्यात पुन्हा जायचंय. या वेळी रोलर बाहेर काढून बघायचे आहेत, एका बाजूने चपटे झाले असतील तर साही बदलायचे. आठचा टी-पाना मी विकत घेतलाय. कव्हरचे स्क्रू मी काढणार, असं त्यांना सांगून आले आहे.