डागाचं वजन

कोल्हापूरच्या गुजरीतल्या ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर मी एक छोटी पोकळ पितळी डबी ठेवली, तेव्हा त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हा कसला डाग?" आमच्याकडे सोनार दागिन्याला डागच म्हणतात. मी म्हटलं, "बुलेटचा आहे. नुसतं वजन सांगा."

ती डबी म्हणजे कार्बोरेटरमधला फ्लोट. गच्चीवरच्या टाकीत बॉलकॉक जे करतो, तेच याचं काम. पेट्रोल चढलं की हा तरंगत वर येतो, सुईला दाबतो आणि पेट्रोल थांबतं. काकांची साडेतीनशेची बुलेट गावाकडच्या पडवीत आठ वर्षं नुसती उभी होती. कोल्हापूरला आणून टाकीत पेट्रोल घातलं, तर कार्बोरेटरनं खाली धारच धरली. फ्लोटला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र पडलं होतं. पोटात पेट्रोल शिरलं आणि तरंगणाऱ्यानंच बुडी मारली.

कार्बोरेटरच्या अंगावर नाव कोरलेलं आहे: अमल. लहानपणी मला ते कुणा बंगाली बाबूंचं वाटायचं. इंग्लंडातल्या तीन कार्बोरेटर कंपन्या १९२७ साली एकत्र आल्या आणि 'अमॅल्गमेटेड'चं आखडून 'अमल' झालं, हे फार उशिरा कळलं. आपल्या भाषेत अमल म्हणजे निर्मळ. झाकणाचे तीन स्क्रू काढून आत पाहिलं, तर निर्मळ सोडून बाकी सगळं होतं. पेट्रोल सुकून त्याचा डिंक झालेला, आणि कडेकडेनं खडूसारखी पांढरी भुकटी. याचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं आणि पेट्रोल मापून सोडणारे जेट पितळेचे. दोघांच्या मध्ये ओल शिरली की आधी जस्त झिजतं. इथेनॉलला पाण्याची ओढ असते, आणि गाडी उभी राहिली तेव्हाही पंपावरच्या पेट्रोलमध्ये ते थोडं असायचंच. ते बरंचसं उसापासूनच व्हायचं. म्हणजे आमच्याच शिवारातला ऊस आमच्याच गाडीला लागला, असं म्हणायला हरकत नाही.

पण खरं सांगायचं तर गंजानं जेवढं बिघडवलं, त्याहून जास्त मी बिघडवलं. पायलट जेट जागेवर घट्ट बसला होता. हाताला आला तो पेचकस लावला आणि जोर केला. पितळेची खाच कट्‌कन तुटली. आता धरायलाही काही उरलं नाही. कार्बोरेटर तसाच फडक्यात गुंडाळून उद्यमनगरातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेला. त्यांनी आधी माझा पेचकस पाहायला मागितला. त्याचं टोक खाचेपेक्षा निम्म्यानं अरुंद होतं. मग म्हणाले, "गडबड न्हाई करायची, सर. तापू द्या जरा."

त्यांनी ज्योत लावली नाही. हे जस्त चारशे अंशांच्या आतच वितळतं, पितळ नऊशेच्या आसपास. ज्योत लावली असती तर जेट राहिला असता आणि कार्बोरेटर ओघळला असता. मिस्त्रींनी गरम हवेच्या बंदुकीनं अंग सगळीकडून हळूहळू तापवलं. तापल्यावर जस्त पितळेपेक्षा जास्त फुगतं, म्हणजे मिठी आपोआप सैल होते. मग उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर बसवून त्यांनी दोन बोटांनी फिरवला. जेट बाहेर आला. माझ्या मनगटाला जे जमलं नाही, ते दहा मिनिटांच्या थांबण्याला जमलं.

मुख्य जेट सुटला होता, पण पूर्वी कुणीतरी त्यात तार घालून तो 'साफ' केला होता. अमलच्या जेटवरचा आकडा म्हणजे त्यातून मिनिटाला किती घन सेंटीमीटर पेट्रोल जाईल त्याचं माप. तारेनं भोक एका केसानं मोठं केलं तरी तो आकडा खोटा ठरतो. वर कोरलेलं तसंच राहतं, आत मात्र वेगळंच वाहतं. असा जेट टाकून द्यायचा. डिंकच काढायचा असेल तर जेट विरघळवणाऱ्या द्रवात रात्रभर भिजवावा, फार तर मासे धरायच्या नायलॉनच्या दोऱ्यानं मोकळा करावा.

राहिला फ्लोट. अंगणात, आसपास विस्तव नाही असं पाहून, मी तो कढत पाण्यात बुडवला. आतलं पेट्रोल लगेच वाफ होऊन त्या एका छिद्रातून बुडबुड्यांची माळ सोडू लागलं. छिद्र सापडलं आणि पोटही रिकामं झालं. चार दिवस वाळवून, आत वास राहिला नाही याची खात्री करून डाग दिला. इथे डाग म्हणजे सोल्डर. मी चांगला ठसठशीत दिला, पुन्हा कटकट नको म्हणून. मिस्त्रींनी तळहातावर झेलून पाहिला. "जड केलासा की."

जड फ्लोट खोल बसतो, सुई उशिरा बंद होते, पातळी चढते, प्लग काळा पडतो. छिद्रानं जे केलं होतं तेच थोड्या सभ्यपणे डाग करणार होता. म्हणून गुजरी. दुरुस्तीआधीचं वजन मी सोनाराकडूनच लिहून नेलं होतं. आता पाऊण ग्रॅम जास्त भरलं. घरी कानशीनं घासत, पुन्हा तोलत, पुन्हा घासत पाव ग्रॅमपर्यंत आणलं. त्याखाली गेलो असतो तर छिद्र उघडं पडलं असतं.

हा पाव ग्रॅम आता राहणार. जोडलेलं पूर्वीसारखं होत नाही, जोडाचं ओझं त्यात येतंच. आजवर मी घरात, मित्रांत बऱ्याच गोष्टी जोडल्या आणि वर पुन्हा पूर्वीसारखं चालेना म्हणून रुसूनही बसलो. मिस्त्री रुसले नाहीत. त्यांनी स्लाइड काढली, तिच्यातल्या दुसऱ्या सुईची क्लिप एक खाच वर घेतली. सुई तेवढी खाली उतरली, पेट्रोल किंचित आवळलं. एकाचं वजन वाढलं म्हणून दुसरा सरकला, आणि गाडी लयीत आली.

शेवटच्या तोलाला सोनारानं वजनाचे पैसे घेतले नाहीत. "मोडायला आणाल तेव्हा डागाची घट धरीन," एवढंच म्हणाला. मी डबी रुमालात बांधली आणि म्हटलं, "मोडायचा नाही हा."